रियुनियन बेटावरील पाऊलवाटा : पलायनापासून पदभ्रमणापर्यंत

हिंदी महासागरातील रियुनियन हे ज्वालामुखीजन्य बेट फ्रान्सच्या अधिपत्याखाली आहे. ३,००० मीटरहून उंच असलेल्या पीतों दे नेज या निद्रिस्त ज्वालामुखीभोवती मफात, सिलाओस व सालाझी ही कड्यांनी वेढलेली खोरी आहेत. यांपैकी मफातच्या वस्त्यांपर्यंत आजही मोटाररस्ता नाही. या दुर्गमतेतच तेथील वाटांच्या इतिहासाचे मूळ आहे.

बेटाचे तत्कालीन नाव बूर्बों. १७१५ मध्ये मोखा येथून कॉफीची रोपे आली आणि मळ्यांसाठी मादागास्कर व पूर्व आफ्रिकेतून गुलामांची आयात वाढली. जाच असह्य झालेले गुलाम डोंगरांत पळून जात. १७२३ च्या राजाज्ञेने पलायनास कान छाटणे, डागणे व तिसऱ्या वेळी मृत्युदंड अशा शिक्षा ठरविल्या. फरारींच्या मागावर सशस्त्र तुकड्याही धाडल्या जात. परिणामी उपलब्ध कागदपत्रे बहुतांशी पाठलाग करणाऱ्यांची आहेत. फरारींची साक्ष उरली ती मफात, सिलाओस अशा मलागासी मूळ असलेल्या स्थलनामांत.

२० डिसेंबर १८४८ रोजी बेटावर गुलामगिरी संपुष्टात आली. खोऱ्यांत गरीब गोरे शेतकरीही वसले. त्यामुळे आजच्या सर्वच वाटा फरारींनी पाडल्या, असे मानता येत नाही. मात्र डोंगर माणसांना प्रथम आश्रयासाठी जवळचा वाटला, हे निश्चित. २०१० मध्ये युनेस्कोने येथील शिखरे, खोरी व कडे यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो नैसर्गिक निकषांवर. वाटांचा मानवी इतिहास जपण्यासाठी स्थलनामे व मौखिक परंपरा यांचा अभ्यास म्हणूनच अगत्याचा ठरतो.