महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा महाराष्ट्रातील भूजलाचा उपसा, वापर व संरक्षण यांचे नियमन करणारा राज्याचा कायदा आहे. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला व २०१४ पासून अमलात आला. विहीर किंवा विंधन विहीर (बोअर) असलेल्या प्रत्येक रहिवाशाशी त्याचा थेट संबंध येतो.

पार्श्वभूमी

राज्याचा सुमारे चार-पंचमांश भूभाग बेसाल्ट खडकाने व्यापलेला आहे. हा कातळ मुळात सच्छिद्र नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात, भेगांत आणि सांध्यांत. त्यामुळे साठा मर्यादित असतो. एका शेतकऱ्याने खोल विंधन विहीर घेऊन मोठ्या पंपाने उपसा सुरू केला, की त्याच थरातून पाणी घेणारी शेजारची उथळ विहीर आटते. गावाच्या नळयोजनेची विहीरही याला अपवाद नसते. खोल खणल्याने नवे पाणी निर्माण होत नाही; बहुधा शेजाऱ्याचेच पाणी आधी उपसले जाते.

कायद्याची दृष्टी मात्र दीर्घकाळ वेगळी होती. १८८२च्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमानुसार आपल्या जमिनीखालील पाणी घेण्याचा हक्क जमीनमालकाचा मानला जातो. भूमिहीन कुटुंबाला या हक्कात स्थान नाही. त्याला पहिली ठळक मर्यादा घातली ती राज्याच्या १९९३च्या पिण्याच्या पाण्यासाठीच्या भूजल नियमन कायद्याने. सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर खोदण्यास त्यात मनाई होती. २००९च्या अधिनियमाने या कायद्याची जागा घेतली.

प्रमुख तरतुदी

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण हेच राज्य भूजल प्राधिकरण म्हणून काम करते. तांत्रिक बाजू भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सांभाळते. निरीक्षण विहिरींतील पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. अतिउपसा झालेले पाणलोट क्षेत्र ‘अधिसूचित’ करता येते. ६० मीटर वा त्याहून अधिक खोलीची विहीर ‘खोल विहीर’ समजली जाते, आणि अधिसूचित क्षेत्रात शेती किंवा उद्योगासाठी ती घेण्यास मनाई करता येते. विहीरमालकांनी विहिरींची व विंधन यंत्रांच्या मालकांनी यंत्रांची नोंदणी करणे अपेक्षित आहे. पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीमार्फत भूजल वापर आराखडा व त्याला अनुसरून पीक आराखडा करण्याची तरतूदही आहे. ऊस किती लावावा, हा प्रश्न येथे खाजगी राहत नाही. अधिनियमाचा सर्वांत वादग्रस्त भाग बहुधा हाच.

अंमलबजावणी

नियमांचा मसुदा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कागदावरील तरतुदी आणि शिवारातील व्यवहार यांतील अंतर मोठे आहे: विंधन यंत्र रात्रीतून गावात येऊन जाते आणि तक्रार सहसा शेजाऱ्याविरुद्धच करावी लागते. याउलट अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने या अधिनियमाच्या आधीपासूनच सिंचनासाठीच्या विंधन विहिरींवर ग्रामसभेच्या निर्णयाने बंदी घातली. तेथे पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून रब्बीची पिके ठरतात. डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या अटल भूजल योजनेतही ग्रामपंचायतीच्या पातळीवरील अशा ताळेबंदावर भर आहे. महाराष्ट्र हे त्या योजनेतील सात राज्यांपैकी एक आहे.