कॅसेटवरून फ्लॉपीवर : एका सामान हलवण्याची गोष्ट



मागच्या दिवाळीला माळा साफ करताना आमच्याकडे पत्र्याच्या डब्यात एक कॅसेट सापडली. वर निळ्या शाईने ‘आईच्या ओव्या’ एवढंच लिहिलेलं. सासूबाई ती हातात घेऊन तिथेच खाली बसल्या. त्यांच्या आईचा आवाज होता तो. जात्यावर दळताना मामांनी रेकॉर्ड केलेला. आजी जाऊन आता वीस वर्षं झाली. सासूबाई म्हणाल्या, “लाव की गं.” पण लावायची कशावर? गावात चालू टेपरेकॉर्डर एकही निघाला नाही.

त्या कॅसेटपायी मी कॅसेटचा इतिहास वाचायला लागले, आणि एक गंमत कळली. एकेकाळी कॅसेटवर गाण्यांबरोबर कॉम्प्युटरचे प्रोग्रॅमसुद्धा साठवत. प्रोग्रॅम म्हणजे कॉम्प्युटरला पायरीपायरीने सांगितलेली कृती, आपण लोणच्याची सांगतो तशी. पुढे लोकांना ते प्रोग्रॅम फ्लॉपीवर हलवावे लागले. त्या हलवाहलवीत आपल्या कामाचं बरंच काही आहे, म्हणून आज तीच गोष्ट सांगते.

कॅसेट आली १९६३ साली. फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात ती दाखवली. स्वस्त, छोटी, घरोघरी पोचलेली. पुढे १९७५ च्या सुमाराला हौशी लोक घरी छोटे कॉम्प्युटर जोडायला लागले, तेव्हा अडचण आली. वीज बंद केली की कॉम्प्युटर सगळं विसरायचा. लिहिलेला प्रोग्रॅम ठेवायचा कुठे? फ्लॉपी तोवर निघाली होती, पण तिचं यंत्र फार महाग. टेपरेकॉर्डर मात्र घरात होताच.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटी गावी जाणकार मंडळी जमली आणि त्यांनी एक रीत ठरवली. कॉम्प्युटरला फक्त शून्य आणि एक कळतं. तर शून्यासाठी जाड आवाज, सेकंदाला १२०० कंपनांचा. आणि एकसाठी बारीक आवाज, २४०० कंपनांचा. अशा जाड-बारीक आवाजांची माळ कॅसेटवर भरायची. ऐकायला नुसती किरकिर, पण कॉम्प्युटरला त्यातून अख्खा प्रोग्रॅम वाचता यायचा.

इंग्लंडमध्ये डिसेंबर १९८१ मध्ये ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा कॉम्प्युटर विकायला आला. अ‍ॅकॉर्न कंपनीने तो बनवला होता. बीबीसीने टीव्हीवरून लोकांना कॉम्प्युटर शिकवायचं ठरवलं, त्या कामासाठी तो होता. एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीचा ‘स्पेक्ट्रम’ आला, १२५ पौंडांपासून. दोन्ही घरच्या टेपरेकॉर्डरला जोडायचे. आपल्याकडेही १९८४ मध्ये सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात हेच बीबीसी मायक्रो वापरले होते.

आपण आज रेडिओवर बोलतोय, म्हणून हेही सांगते. नेदरलँडमध्ये ‘हॉबीस्कूप’ नावाचा रेडिओ कार्यक्रम ही किरकिर चक्क रेडिओवरून ऐकवायचा! लोक घरी ती कॅसेटवर भरून घ्यायचे, कॉम्प्युटरला ऐकवायचे, की प्रोग्रॅम तयार. बेलग्रेडच्या रेडिओनेही तसंच केलं. फुकट, आणि एकाच वेळी हजारो घरांत.

पण कॅसेटचे हाल काय असतात ते आपल्याला माहीत आहे. मोठा प्रोग्रॅम चढायला पाच-पाच मिनिटं. आवाजाचं बटण जरा जास्त फिरवलं की बिघडलं, कमी ठेवलं तरी बिघडलं. टेपचा डोळा, म्हणजे हेड, मळला की स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. तो किंचित तिरका झाला, तर शेजारचा बारीक स्क्रू हलक्या हाताने फिरवा. बीबीसी मायक्रो टेपवरचा मजकूर छोट्या छोट्या तुकड्यांत वाचायचा. एखादा तुकडा चुकला तर पडद्यावर सांगायचा, टेप मागे घ्या. मग तो तुकडा पुन्हा वाचला जाईपर्यंत वाट बघा.

फ्लॉपी म्हणजे तसाच चुंबकी लेप दिलेली पातळ चकती, चौकोनी पाकिटात बसवलेली. टेपवर हवी ती जागा यायला सगळी रीळ पुढे ढकलावी लागते. चकतीवर पाहिजे तिथे लगेच पोचता येतं. पाच मिनिटांचं काम काही सेकंदांत. म्हणून ज्यांना परवडलं त्यांनी फ्लॉपीचं यंत्र घेतलं, आणि मग प्रश्न आला, जुन्या कॅसेटवरच्या प्रोग्रॅमचं काय करायचं?

वाटतं सोपं. कॅसेटवरून कॉम्प्युटरमध्ये घ्या, तिथून फ्लॉपीवर उतरवा. साधे प्रोग्रॅम तसे उतरायचेही. बाकीच्यांनी मात्र घाम फोडला.

पहिली अडचण जागेची. बीबीसी मायक्रोच्या पोटात एकूण ३२ किलोबाइट जागा. आज मोबाइलवरचा एक फोटोही त्यात मावणार नाही. फ्लॉपीचा कारभार सांभाळायला त्यातली २८१६ बाइट जागा अडकायची. कॅसेटचे प्रोग्रॅम नेमके त्याच जागेत राहायला शिकलेले. पाहुणा ओट्यापाशी अंथरूण टाकून बसला तर आपण स्वयंपाक कुठे करायचा, तशातली गत. यावर तोड निघाली ती अशी : प्रोग्रॅम आधी पुढच्या मोकळ्या जागेत उतरवायचा, मग फ्लॉपीचा कारभार बंद करायचा, प्रोग्रॅम सरकवत मूळ जागी आणायचा, आणि मग चालू करायचा.

दुसरी अडचण नावांची. कॅसेटवर नाव दहा अक्षरांचं चालायचं, फ्लॉपीवर सातच. शिवाय एका खेळाचे तीन-चार तुकडे असायचे. कॅसेटवर ते एकामागोमाग भरलेले, म्हणून “पुढचा घे” एवढं सांगून भागायचं. फ्लॉपीवर ‘पुढचा’ असं काही नसतं, नाव घेऊन हाक मारावी लागते. म्हणजे प्रोग्रॅम उघडून आत कुठे कुठे कोणाला हाक मारली आहे ते शोधून बदलायचं. एक जरी राहिली, की खेळ अर्ध्यात बंद.

तिसरी अडचण कुलपांची. लोकांनी उगीच प्रती काढून वाटू नयेत म्हणून कंपन्या प्रोग्रॅमला कुलपं घालत. त्यांचंही खरं होतं, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं पोट त्यावर चालायचं. पण पैसे देऊन घेतलेली कॅसेट झिजत चाललेल्या माणसाचीही पंचाईत व्हायची. स्पेक्ट्रमसाठी ‘मल्टिफेस’ नावाचं यंत्र आलं. बटण दाबलं की चालू खेळ तिथल्या तिथे थांबायचा आणि जसाच्या तसा उतरवून घेता यायचा.

या सगळ्या खटपटीत शहाण्या माणसांनी एक नेम पाळला. नवी प्रत पूर्ण चालवून बघितल्याशिवाय जुनी कॅसेट पुसायची नाही. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन बारीक चौकोनी तुकडे असतात, ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. त्या वेळच्या मोठ्या फ्लॉपीचं उलटं. तिच्या कडेला खाच असायची, तिच्यावर चिकटपट्टी लावली की आतलं सुरक्षित.

आणि नवं ते टिकाऊ, असंही नाही बरं का. इंग्लंडात १०८६ साली राजाने मुलखाची मोजदाद करून ‘डूम्सडे बुक’ लिहून घेतलं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी नोंद केली, शाळेतल्या मुलांनी गावोगावची माहिती लिहिली. ती लेझर डिस्क नावाच्या तबकडीवर ठेवली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रं मिळेनाशी झाली, आणि जाणकारांना ती खटपट करून सोडवावी लागली. कातड्यावर शाईने लिहिलेलं जुनं पुस्तक मात्र अजून वाचता येतं.

आता आमच्या कॅसेटचं सांगते. तालुक्याला एका रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे जुना टेपरेकॉर्डर होता. त्यांनी हेड पुसलं, पट्टा बदलला, कॅसेट लावली. आजींचा आवाज आला आणि सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. चार ओव्या झाल्या. पाचवी अर्ध्यात तुटली आणि सिनेमाचं गाणं सुरू झालं. ह्यांनी लहानपणी रेडिओवरून भरलेलं. कॅसेटचे ते दोन तुकडे कोणी मोडलेच नव्हते. घरी आल्यावर हे म्हणाले, “मला काय माहीत होतं त्यात काय आहे!” खरंच, कोणी सांगितलंच नव्हतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “साडेचार तर साडेचार.”

त्या साडेचार ओव्या आता तीन मोबाइलमध्ये आहेत, आणि वहीतही उतरवल्या आहेत. पाचवीची उरलेली ओळ सासूबाईंना आठवली, तीही लिहिली.

मैत्रिणींनो, आपल्या गटाचे हिशेब, फोटो, ठराव आता एकीच्याच मोबाइलमध्ये असतात. तो पाण्यात पडला तर? म्हणून पुढच्या मीटिंगला दोन कामं करू. हिशेबाची एक प्रत दुसरीच्या मोबाइलवर आणि एक वहीत, आणि दोघींनी मिळून ती ताडून बघायची. आणि कोणाच्या माळ्यावर जुनी कॅसेट असेल तर ती घेऊन या. आधी ते दोन तुकडे मोडा, मग पिशवीत घाला. दुरुस्तीवाले काका म्हणालेत, यंत्र चालतंय तोवर आणा. आणि ज्यांचा आवाज त्यात आहे, त्यांना ओळखणारं माणूस घरात आहे तोवर आणा, असं मी म्हणते.