कोळसा फासून शिखरावर

आज गोष्ट अमेरिकेतल्या माउंट रेनिअरची. तिथले मूळ रहिवासी त्याला ताहोमा म्हणतात. उंची ४,३९२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीच पटींहून जास्त. आपला सह्याद्रीही लाव्हारसाचाच, पण तो कधीच थंड झाला. रेनिअर अजून जागा आहे. अंगावर हिमनद्या आणि पोटात आग!

१८७० साली हॅझर्ड स्टीव्हन्स आणि व्हॅन ट्रम्प माथ्यावर पोचले. त्यांचा वाटाड्या स्लुइस्किन तिथल्याच मूळ रहिवाशांपैकी. त्यानं परोपरीनं सांगितलं होतं, जाऊ नका, जिवंत परतणार नाही. वर रात्र झाली. विवरातल्या वाफेनं बर्फ वितळून गुहा झाली होती, तिच्यात बसून दोघे तगले.

पुढं वीस वर्षांनी फे फुलर निघाली. यल्म गावची ही शिक्षिका १८८७ साली थोडं चढून परतली होती, पण डोंगर काही डोक्यातून जाईना. व्हॅन ट्रम्पनंच तिला उमेद दिली.

अडचण कपड्यांची होती. पायघोळ झग्यात बर्फ कसा चढणार? तिनं जाड निळ्या फ्लॅनेलचा, घोट्यापर्यंतच्या घोळदार विजारीचा पोशाख केला. पायात मुलग्यांचे बूट घातले. बर्फावरचं ऊन चेहरा भाजून काढतं, म्हणून तोंडाला कोळसा फासला. हा अवतार त्या काळी असभ्यच ठरला. नऊवारीचा काचा मारून शेतात राबणाऱ्या आपल्या आज्यांना मात्र याचं नवल वाटलं नसतं!

१० ऑगस्ट १८९० रोजी दुपारनंतर ती चार पुरुषांबरोबर शिखरावर पोचली. वय वीस. रात्र तिनंही विवरातच काढली.

मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. खाली उतरल्यावर तिनं सगळी हकिगत स्वतः लिहिली आणि ती वडिलांच्या साप्ताहिकात छापून आली. म्हणून तर तिचे बूट आणि तिचा कोळसाही आज आपल्याला ठाऊक आहे. लिहायला कागद आणि छापायला घरचं पत्र किती जणींकडे होतं?

१८९४ साली माउंट हूड या दुसऱ्या बर्फाळ ज्वालामुखीच्या माथ्यावर मझामाज हा गिर्यारोहकांचा संघ स्थापन झाला. त्यात बायकांनाही सभासद होता येत होतं. अट एकच, हिमनदी असलेला डोंगर पायी चढलेला हवा. संघाचा इतिहास लिहिण्याचं काम फे फुलरकडे आलं.