जावा, दादा आणि एक लोखंडी पट्टी

आमच्या पिंपळगाव रेणुकाईच्या घरी, गोठ्याच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत, दादांची जावा गेली कितीतरी वर्षं कडब्याखाली पडून होती. दादांना जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात ती बाहेर काढली आणि घरीच, अंगणातल्या लिंबाखाली, पुन्हा उभी करायला घेतली. सोबतीला भोकरदनचे एक वयस्कर मिस्त्री. त्यांना सगळा तालुका चाचाच म्हणतो. मला वाटलं होतं, दोन महिन्यांत काम होईल. लागले अकरा. पण हा लेख त्या अकरा महिन्यांबद्दल नाही. त्यात एक प्रश्न निघाला, त्याबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास. जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातली. यानेचेक नावाच्या कारखानदाराने १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचं काम विकत घेतलं. दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून ‘जावा’ झालं. आपल्याकडे ती आणली रुस्तम आणि फारुख इराणी यांनी. बाहेरून तयार गाड्या आणण्यावर सरकारने निर्बंध घातल्यावर म्हैसूरला ‘आयडियल जावा’चा कारखाना उभा राहिला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन, साखळी पूर्ण झाकलेली, आणि किक व गिअर एकाच दांड्यावर. तोच दांडा आत दाबून फिरवला की किक. गिअर टाकताना क्लच आपोआप सुटायचा. नवखा माणूस गाडीजवळ उभा राहून किक शोधत बसायचा. दादांना ही गंमत फार आवडायची, कुणी पाहुणा आला की मुद्दाम म्हणायचे, “करा बरं चालू.”

पुढे ‘जावा’ नाव जाऊन ‘येझदी’ आलं. १९७८ मध्ये रोडकिंग आली. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या तरुणांची ती लाडकी. पण १९८० नंतर जपानी तंत्राच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या. १९८५ च्या हिरो होंडाच्या जाहिरातीत लिटरला ८० किलोमीटरचा दावा होता. पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून पिणारी जावा तिथे कशी टिकणार? १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. (२०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं, २०२२ मध्ये येझदीही. पण ती गाडी वेगळी.)

आमची गाडी १९७१ सालची. दादांनी ती १९७५ मध्ये जुनी घेतली, दुष्काळी कामांवर असलेल्या एका ओव्हरसिअरकडून. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव खोदणं, रस्त्यावर मुरूम टाकणं. आई तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तिच्या माहेरच्या रस्त्यावर खडी फोडत होती. ओव्हरसिअर फटफटीवर यायचा हे तिला आठवतं. ती हीच गाडी असेल असं मी म्हणत नाही. पण ही गाडी ज्या रस्त्यांवर वीस-बावीस वर्षं धावली, त्यातले बरेचसे अशा चौदा वर्षांच्या हातांनी झालेले आहेत, एवढं नक्की.

असो. चाचांनी इंजिन उघडलं. या सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर. झिजला की लेथवर घासून साधारण पाव मिलिमीटरने वाढवतात आणि तेवढा मोठा पिस्टन घालतात. आमच्या सिलिंडरचं माप निघालं पाऊण मिलिमीटर जास्त. म्हणजे तीनदा बोअर झालेला. दादांची खर्चाची वही काढली. त्यात तिन्ही नोंदी सापडल्या, १९७८, १९८४ आणि १९९१. झाडाच्या बुंध्यातली वर्तुळं मोजावीत तसं वाटलं. १९७८ ची नोंद माहूरला जाऊन आल्यानंतरची. आमच्या गावाच्या नावातच रेणुकाई आहे, आणि तिचं मोठं ठाणं माहूरला. दादा आणि आई जावावरून माहूरला गेले होते. आमच्या घरातली ती पहिली ‘टूर’.

सीट काढली तर खालून वाळलेल्या मिरचीचं बी निघालं. चाचा आणि मी दोघंही शिंकून बेजार. पिंपळगाव रेणुकाई म्हटलं की आज लोकांना मिरचीचा बाजार आठवतो. दादा मागच्या कॅरिअरवर मिरचीची पोती बांधून न्यायचे. ते कॅरिअरही गावच्या लोहाराने केलेलं, भल्या जाड सळईचं.

सायलेन्सर विस्तवात घालून आतली काजळी जाळली. टाकीच्या दोन्ही बाजूंना पुन्हा क्रोम करून आणलं. मरून रंग दिला, त्यावर बारीक सोनेरी रेघ. आणि मग चाचा डाव्या बाजूच्या एका लोखंडी पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, ये पट्टी कंपनी का नहीं. निकालना पडेगा. ये कॅरिअर भी.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. कारण मीच त्यांना सांगून ठेवलं होतं, सगळं मूळ पाहिजे. माझ्या मनात एक नंबरप्लेट होती. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नवे नियम केले. अशा गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून खास नंबर मिळतो, त्यात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. आणि नंबर मिळाल्यावर ती रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच.

पट्टी काढायला चाचांनी पाना लावला तेव्हा आई ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत होती. ती म्हणाली, “आरं, मंग मी पाय कुठं ठिवू?”

ती पट्टी म्हणजे आईचा पायठेवा. एका बाजूला बसणाऱ्या बाईचे दोन्ही पाय नीट टेकावेत म्हणून दादांनी माहूरला निघण्याआधी लोहाराकडून करून घेतलेला. वहीत पाहिलं, तीही नोंद होती. कंपनीच्या पुस्तकात मात्र ती पट्टी नाही.

मी चाचांना थांबायला सांगितलं. त्या रात्री गाडीचं जुनं आरसी पुस्तक पाहत बसलो होतो. त्यावर दादांचा पत्ता आहे, तालुका भोकरदन, जिल्हा औरंगाबाद. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि आमचा तालुका तिकडे गेला. २०२३ मध्ये औरंगाबादही छत्रपती संभाजीनगर झालं. मग आमच्या गावाचा ‘मूळ’ पत्ता कोणता? १९७१ चा? त्याच्या आधी तर आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. इतिहासात ‘मूळ’ असं एक साल कधीच सापडत नाही. आपण कुठेतरी बोट ठेवतो आणि म्हणतो, हे खरं, यानंतरचं सगळं भेसळ.

मी बोट ठेवलं होतं ते म्हैसूरहून गाडी बाहेर पडली त्या दिवसावर. त्या दिवशी ती गाडी आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. त्यात दुष्काळ नव्हता, माहूर नव्हतं, मिरची नव्हती. मी अकरा महिने मेहनत करून नेमकं दादांनाच त्या गाडीवरून उतरवायला निघालो होतो.

मूळ रूप जपणारे लोक चुकतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्यांनी जपलं नसतं तर १९६१ ची जावा कशी दिसायची हे आपल्याला कळलंच नसतं. पण तशा गाड्या पुष्कळ आहेत. लोहाराने पाय ठेवायला पट्टी लावून दिलेली ही एकच आहे.

पट्टी राहिली, कॅरिअरही राहिलं. दोन्हींना फक्त काळा रंग दिला. व्हिंटेजचा अर्ज मी केला नाही. नेहमीसारखं नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं. चाचा थोडे नाराज झाले. एवढं देखणं काम आणि बाजूला ही पट्टी! पण पहिली किक त्यांनीच मारली. पाचव्या किकला धूर आला आणि तो आवाज आला. आई काही बोलली नाही. खुडलेल्या मिरच्यांवर फडकं टाकून उठली आणि तोंड धुऊन, डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली.

रेणुकाईच्या देवळापर्यंत गेलो. अंतर थोडंच, पण मी मुद्दाम गावाला वळसा घालून नेलं. आरशात पाहिलं तर आई एका बाजूला बसलेली, दोन्ही पाय पट्टीवर. म्हणाली, “हळू घे. ते बी लई जोरात चालवायचे.”