खदान बंद पडली तेव्हा

आज मुंबईच्या काळोख्या कथांविषयी बोलू या.

गुन्ह्याच्या गोष्टी म्हटलं की जुन्या वाचकांना बाबूराव अर्नाळकर आठवतात. त्यांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड ही त्यांची पात्रं घरोघरी पोचली. त्या गोष्टींत शेवटी कोडं सुटतं आणि आपण निवांत झोपतो.

त्याच मुंबईत अण्णा भाऊ साठेही लिहीत होते. जन्म १९२० चा, सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचा. शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांसोबत पायी मुंबई गाठली, गिरणीत राबले, घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून लिहिलं. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा आम्ही गटाच्या बैठकीत वाचली.

भीमा हा धट्टाकट्टा गडी मुंबईत येऊन दगडाच्या खदानीत लागतो. खदान बंद पडते. घरी बायको, लेकरू. स्मशानातल्या राखेत त्याला सोनं सापडतं. मग तो रात्री राख चाळतो, पुढे पुरलेली प्रेतंही उकरतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटं अडकतात आणि तो ती गमावतो. तेवढ्यात बातमी येते, खदान पुन्हा सुरू झाली!

इथे गुप्तहेर नाही. गुन्हा कुठून सुरू झाला, ते आपणच शोधायचं. १९६९ मध्ये अण्णा भाऊ गेले. त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा ‘मरण स्वस्त होत आहे’ हा संग्रह आला. त्यातही मुंबईच्या झोपडपट्टीतलं हेच जगणं आहे.

वाचून झाल्यावर एक बाई म्हणाली, “भीमाच्या बायकोजवळ बचत गट असता तर?”

आम्ही गप्प झालो. आमच्याकडे धानाचं काम सरलं की हात रिकामे होतात. तेंदूपत्त्याला अवकाश असतो. काही जणी मिरची तोडायला तेलंगणात जातात. जिला जाता येत नाही, ती डोरलं गहाण ठेवते. आणि आमच्या गटाचा नियम काय होता? हप्ता थकला, तर नवीन कर्ज नाही. म्हणजे जिचं काम बंद, तिलाच दार बंद.

त्याच बैठकीत आम्ही नियम बदलला. काम थांबलेल्या घराला किराण्यापुरतं कर्ज आधी द्यायचं, हप्ता काम लागल्यावर घ्यायचा.

तुमच्या गटाचा नियम काय आहे? येत्या बैठकीत एकदा वाचून बघा.