मागे कुणी जायचं?

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत ड्रम्स वाजवणाऱ्या एका मुलानं विचारलं होतं, "सर, लॅपटॉपबरोबर वाजवताना मी त्याच्या मागे जातो. मग वादक कोण?" प्रश्न खरा आहे, आणि त्याला पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

1971 मध्ये 'द हू' या इंग्लिश बँडचं 'वोण्ट गेट फूल्ड अगेन' आलं. त्यातला ऑर्गन सिंथेसायझरमधून काढलेला, एकसारखा धडधडणारा. मंचावर तो टेपवरून वाजे. आता पंचाईत बघा. ड्रमर कीथ मून म्हणजे लय ओढणारा, पळवणारा गडी. आणि टेपला तर कान नाहीत! ती काही सावरून घेणार नाही. म्हणून मून हेडफोन लावून बसे. मून टेपच्या ताब्यात, बाकीचे मूनच्या.

आपल्या तबला एकलवादनातला लेहराही अढळच असतो की. पण तो धरणारा माणूस असतो. तबलजीनं लय वाढवायची खूण केली, की तो वाढवतो.

2001 मध्ये बर्लिनहून 'एबलटन लाइव्ह' हे सॉफ्टवेअर आलं. टेपचा वेग वाढवला की सूरही चढायचा; इथे सूर तोच ठेवून लय कमीजास्त करता येऊ लागली. रियाजाला हे वरदान. अवघड तुकडा 60 वर लावा, हात बसला की 66, मग 72. रियाजात यंत्र हट्टीच असावं, असं माझं मत. लाड करणारा साथीदार तिथे कामाचा नाही.

मंचाची गोष्ट वेगळी. वादकाचं ऐकून साथ करणारा संगणक बॅरी व्हर्को आणि रॉजर डॅननबर्ग यांनी 1984 मध्येच स्वतंत्रपणे मांडला होता. पण त्याला वादकाचं संगीत आधी लिहून द्यावं लागे. 2021 मध्ये 'लाइव्ह'च्या 11व्या आवृत्तीत 'टेम्पो फॉलोअर' आला. तो माइकमधून ड्रम ऐकतो आणि आपली लय त्याला जुळवतो. म्हणजे पुढचा ठोका कुठे पडणार, याचं अनुमान करतो. आणि अनुमान म्हटलं की आमचे नैयायिक आलेच! धुरावरून अग्नी ओळखता येतो, पण तो धूर नसून धुकं असलं तर? वादकानं मुद्दाम मात्रेच्या अध्येमध्ये ठोके दिले, तर यंत्र त्यांनाच मात्रा समजू शकतं. माणूसही फसतो म्हणा, पण तो समोरच्याच्या खांद्याकडे, चेहऱ्याकडे बघून सावरतो.

त्या मुलाला मी म्हटलं, बाबा रे, तू तिथेच वाजवून बघ, तो कुठे चुकतो ते. पुढच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन येतो म्हणालाय.