पलंगाखालची बाटली

"भाऊ, बाटली वर काहून उचलली? खाली ठेवा आधी!"

रात्रपाळीच्या सिस्टर ओरडल्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. मावशी फरशी पुसायला आल्या म्हणून मी भाच्याच्या पलंगाखालची बाटली उचलून गादीवर ठेवत होतो. पोरगा चार वर्षांचा. न्यूमोनियानंतर छातीत पू साचला, म्हणून बरगड्यांमधून नळी घातलेली. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडालेलं. बाटली छातीच्या वर गेली की तेच पाणी उलटं छातीत!

रामदासपेठेतल्या त्या हॉस्पिटलात पुढच्या रात्री मी नळीतलं पाणी श्वासाबरोबर वर-खाली होताना बघत बसलो. हे सुचलं कुणाला? घरी येऊन वाचत सुटलो.

भोक पाडणं जुनंच. सुमारे २,४०० वर्षांपूर्वी हिपोक्रेटिसच्या काळातही बरगड्यांमध्ये चीर देऊन पू काढत, धातूची नळी घालत. खरी भानगड पुढे आहे. फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो, म्हणून तर फुप्फुस फुगलेलं राहतं. भोक उघडं ठेवलं की पू बाहेर येतो, पण हवा आत शिरते आणि फुप्फुस बसतं. म्हणजे हवा वन-वे व्हॉल्व्ह. पाण्यात बुडवलेली नळी तेच करते: आतलं बुडबुडत बाहेर, श्वास घेताना पाणी थोडं वर चढतं, हवा मात्र जात नाही.

१८७० च्या दशकात प्लेफेअर नावाच्या डॉक्टरने हे वापरलं, आणि गंमत म्हणजे पेशंट एक लहान मूलच होतं. हँबर्गच्या ब्यूलाऊंनी १८९१ मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली.

पण जगाने ऐकलं कुठे? १९१८ मध्ये अमेरिकन लष्करी छावण्यांत पू झालेल्या सैनिकांच्या छात्या घाईने उघडत होते. शंभरातले सुमारे ३० दगावत. इव्हार्ट्स ग्रॅहम यांच्या समितीने सांगितलं, सुरुवातीला छाती उघडू नका, बंद पद्धतीने पू काढा. मृत्यू पाचेक टक्क्यांवर आले. नवीन यंत्र नाही, औषध नाही. उत्तर सत्तावीस वर्षं छापलेलं पडलं होतं! आपलं नागपूरचं मेडिकल सुरू झालं १९४७ साली. तोवर हा धडा नेहमीचा झाला होता.

नळी काढतानाही भीती तीच, हवेची. मोठ्यांना सांगतात, श्वास रोखा. चार वर्षांचा पोरगा काय रोखणार! डॉक्टर म्हणाले, "फुगा फुगव बरं!" त्याने गाल फुगवून जोर लावला, झटक्यात नळी बाहेर आणि जखमेवर लगेच पट्टी. मग भोकाड.

असल्या न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावर न्यूमोकोकलची लस आहे. ती सरकारी लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, २०२१ मध्ये देशभर. घरात बाळ असेल तर कार्ड तपासा. आम्ही तपासलं नव्हतं.